खरी सही, चुकीची जागा

२० जुलै २०१६ रोजी, १९,२०,००० व्या ब्लॉकपाशी, इथेरियम या ब्लॉकचेनची, म्हणजे सगळ्यांच्या व्यवहारांची सामाईक वही दुभंगली. महिनाभर आधी, १७ जूनला, ‘द डाओ’ या सामाईक गुंतवणूक निधीच्या कोडमधल्या एका चुकीचा फायदा घेऊन कुणीतरी सुमारे ३६ लाख ईथर, म्हणजे इथेरियमवरची नाणी, बाहेर काढले होते. ते परत मिळवायचे तर नेहमीचे नियम बाजूला ठेवून थेट खात्यांच्या शिलकीत हात घालावा लागणार होता. बहुतेकांनी होकार दिला. ‘वहीत एकदा लिहिलं ते लिहिलं’ म्हणणाऱ्यांनी मात्र जुनी वही तशीच पुढे चालू ठेवली. तिला इथेरियम क्लासिक असं नाव पडलं.

दुभंगली तेव्हा दोन्ही वह्या जवळजवळ सारख्याच होत्या. तीच खाती, त्याच शिलका, सह्या करायच्या त्याच गुप्त किल्ल्या. मग एक चमत्कारिक प्रकार सुरू झाला. एखाद्याने एक्सचेंजमधून दहा ईथर काढायला सांगितले की एक्सचेंज त्या व्यवहारावर सही करून तो नव्या चेनवर, म्हणजे नव्या वहीवर, पाठवायचं. ब्लॉकचेनवरचा व्यवहार जगजाहीर असतो. त्यामुळे तो माणूस तोच सही झालेला व्यवहार, एक अक्षरही न बदलता, जुन्या चेनवर सोडायचा. तिथेही सही बरोबर ठरायची आणि एक्सचेंजच्या खात्यातले दहा क्लासिक ईथर फुकटात त्याच्या पदरात पडायचे. मग पुन्हा भरायचे, पुन्हा काढायचे. ना कुणाची किल्ली चोरीला गेली, ना कुणी खोटी सही केली. काही एक्सचेंजेसना हा प्रकार उमगेपर्यंत त्यांच्याकडचे बरेचसे क्लासिक ईथर उडाले होते.

याला रिप्ले म्हणतात. एकदा दिलेला खरा आदेश, देणाऱ्याला न विचारता, दुसऱ्या जागी किंवा दुसऱ्यांदा वठवून घेणं.

क्रिप्टोतल्या चोऱ्यांचा विषय निघाला की लोकांच्या डोळ्यांपुढे गणित फोडणारा कुणी अचाट बुद्धीचा हॅकर येतो. प्रत्यक्षात या सह्यांमागचं गणित आजवर कुणी फोडलेलं नाही. एका चेनवरून दुसऱ्या चेनवर निरोप नेणाऱ्या व्यवस्थांमधून, म्हणजे ब्रिजमधून, अब्जावधी डॉलर गेले आहेत, आणि त्यांतले काही सही काय सांगते आणि काय सांगत नाही, या दोहोंमधल्या फटीतून.

बँकेचा चेक डोळ्यांपुढे आणा. त्यावर सही असते हे खरं, पण चेक सुरक्षित राहतो तो नुसत्या सहीमुळे नाही. त्यावर चेकचा नंबर छापलेला असतो, बँकेचं नाव नि शाखा असते, खाते क्रमांक असतो, कुणाला द्यायचे त्याचं नाव असतं आणि तारीख असते. तीन महिने उलटले की तो चालत नाही. आणि एकदा वटला की त्या नंबरचा चेक वटल्याची नोंद बँक करते. ही नोंद नसती तर सही कितीही खरी असो, एकच चेक रोज वटवता आला असता. २०१६ साली इथेरियमच्या व्यवहारावर चेकचा नंबर होता; त्याला नॉन्स म्हणतात, आणि त्यामुळे एकाच चेनवर तोच व्यवहार दोनदा चालत नव्हता. पण बँकेचं नाव कुठेच नव्हतं. ते लिहिण्याची गरजही कुणाला वाटली नव्हती, कारण तोवर बँक एकच होती.

इथेरियमच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या व्हिटालिक ब्युटेरिनने सुचवलेली सुधारणा क्रमांक १५५ ही उणीव भरून काढण्यासाठी आली आणि २२ नोव्हेंबर २०१६ पासून लागू झाली. प्रत्येक चेनला एक क्रमांक द्यायचा आणि सही करण्याआधी तो मजकुरात मिसळायचा. इथेरियम १, इथेरियम क्लासिक ६१. पुढे भारतात सुरू झालेल्या पॉलिगॉनला १३७ मिळाला. पॉलिगॉनच्या चाचणी चेनचं नाव तर चक्क मुंबई होतं, क्रमांक ८०००१. जगभरातले प्रोग्रॅमर आपला कोड आधी ‘मुंबई’वर चालवून बघायचे. एप्रिल २०२४ मध्ये ही मुंबई बंद झाली आणि तिची जागा ८०००२ क्रमांकाच्या अमॉयने घेतली.

आता १ साठी केलेली सही ६१ वर लागू पडेना. प्रश्न मिटला असं वाटलं. पण सुधारणेत एक सवलत ठेवली होती: चेनचा क्रमांक न लिहिलेले जुन्या धाटणीचे व्यवहारही चालतील. या सवलतीची किंमत सहा वर्षांनी मोजावी लागली, आणि ती गोष्ट इतकी नामी आहे की सावकाश सांगायला हवी.

२०२२ च्या मे-जूनमध्ये ऑप्टिमिझम या चेनच्या फाउंडेशनने विंटरम्यूट या व्यापारी कंपनीला ओपी या आपल्या चलनाचे २ कोटी टोकन द्यायचे ठरवले. विंटरम्यूटने एक पत्ता कळवला. तो त्यांच्या इथेरियमवरच्या मल्टिसिग तिजोरीचा होता, म्हणजे जिच्यातून पैसे काढायला अनेकांच्या सह्या लागतात अशा स्मार्ट काँट्रॅक्टचा, चेनवर चालणाऱ्या प्रोग्रॅमचा. फाउंडेशनने रीतसर दोनदा थोडी रक्कम पाठवून बघितली, विंटरम्यूटने मिळाल्याचं कळवलं, आणि उरलेले सगळे टोकन रवाना झाले. घोळ एवढाच होता की इथेरियमवर त्या पत्त्यावर तिजोरी होती, पण ऑप्टिमिझमवर त्याच पत्त्यावर काहीच नव्हतं. मोकळा प्लॉट. टोकन तिथे जाऊन पडले आणि ते उचलण्याची सोय कुणाकडेच नव्हती.

त्या धाटणीच्या तिजोऱ्या एक फॅक्टरी काँट्रॅक्ट बनवायचं. नव्या काँट्रॅक्टचा पत्ता दोन गोष्टींवरून ठरत होता: बनवणारा कोण आणि त्याने बनवलेलं हे कितवं. मग कुणीतरी विचार केला, की ऑप्टिमिझमवर तीच फॅक्टरी त्याच पत्त्यावर उभी करता आली तर? फॅक्टरी ज्या व्यवहाराने इथेरियमवर उभी राहिली होती, तो काही वर्षांपूर्वीचा व्यवहार जुन्या धाटणीचा निघाला. त्यात चेनचा क्रमांक नव्हता. त्या माणसाने तो इथेरियमच्या इतिहासातून उचलला आणि ऑप्टिमिझमवर सोडला. सही मूळ प्रोग्रॅमरची, खरी, त्याच्या नकळत वापरलेली. फॅक्टरी त्याच पत्त्यावर उभी राहिली. मग तिच्याकडून एकामागून एक हजारो तिजोऱ्या बनवून घेतल्या, क्रमांक जुळेपर्यंत. क्रमांक जुळला तेव्हा मोकळ्या प्लॉटवर तिजोरी उभी राहिली, पण तिचा ताबा या माणसाकडे होता. ५ जूनला २ कोटी ओपी त्याच्या हातात आले. पुढे त्यातले बहुतांश त्याने परत केले, ही गोष्ट वेगळी.

या प्रकरणात दोन्ही बाजू सावध होत्या, रक्कम आधी चाचपून बघितली होती. पण चाचपणीत ‘पोचलं का?’ एवढंच कळलं. ‘तिथून उचलता येतं का?’ हे कुणी तपासलं नाही.

आता खुद्द ब्रिजकडे येऊ. नाणी एका चेनवरून दुसऱ्या चेनवर खरोखर जात नाहीत. अलीकडच्या चेनवर ती कुलूपबंद होतात आणि पलीकडच्या चेनवर तेवढ्याच रकमेची नवी टोकन छापली जातात. परत यायचं तर पलीकडची जाळायची आणि अलीकडची सोडवायची. अडचण अशी की एका चेनला दुसरी चेन दिसत नाही. सोलाना या चेनला इथेरियमवर काय झालं ते स्वतः बघता येत नाही. मध्ये कुणीतरी साक्षीदार लागतो, जो ‘अमक्याने तिकडे शंभर ईथर ठेवले, मी पाहिलं’ असा निरोप लिहून त्यावर सही करतो. वर्महोल या ब्रिजचे असे १९ साक्षीदार आहेत आणि निरोप ग्राह्य धरायला १३ जणांच्या सह्या लागतात.

सुधारणा १५५ इथे उपयोगी पडत नाही, हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. ती चेनवरच्या व्यवहाराला संरक्षण देते; व्यवहाराच्या पोटात ठेवलेल्या निरोपाशी तिला कर्तव्य नसतं. साक्षीदारांची सही निरोपावर असते आणि तो निरोप पलीकडच्या चेनवर कुणीही, आपल्या स्वतःच्या व्यवहारातून, सादर करू शकतो. म्हणून चेकवरचे सगळे रकाने ब्रिजला नव्याने आखावे लागतात. निरोप कुठल्या चेनवरून निघाला, तिथल्या कुठल्या काँट्रॅक्टने काढला, कुठल्या चेनवरच्या कुठल्या काँट्रॅक्टसाठी आहे, त्याचा अनुक्रमांक काय, हे सगळं सही होण्याआधी मजकुरात बसलेलं हवं. शिवाय पलीकडच्या काँट्रॅक्टने ‘हा निरोप वापरून झाला’ अशी खूण ठेवायला हवी, आणि तीही पैसे सोडण्याआधी. पैसे आधी सोडले आणि खूण नंतर केली, तर घेणाऱ्या काँट्रॅक्टला मधल्या मध्ये पुन्हा हात पुढे करण्याची संधी मिळते. द डाओचे पैसे याच क्रमाच्या चुकीमुळे गेले होते.

रकाना आहे पण भरला चुकीचा, असंही घडतं. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने खाणकाम, म्हणजे संगणकांच्या शर्यतीतून ब्लॉक जोडण्याची पद्धत, सोडलं. ते ज्यांना मान्य नव्हतं त्यांनी जुन्या पद्धतीची वेगळी चेन चालू ठेवली, इथेरियम पीओडब्ल्यू. २०१६ चा धडा त्यांच्या लक्षात होता. त्यांनी चेनचा क्रमांक बदलून १०००१ केला, त्यामुळे साधे व्यवहार रिप्ले होणं थांबलं. पण तीनच दिवसांत ब्लॉकसेक या सुरक्षा कंपनीने वेगळाच हल्ला उघड केला. नोसिस चेनच्या ओम्नी ब्रिजवरून कुणीतरी २०० ईथर इथेरियमवर आणले होते. मग तोच निरोप, साक्षीदारांच्या त्याच सह्यांसकट, पीओडब्ल्यू चेनवरच्या ब्रिज काँट्रॅक्टपुढे ठेवला आणि तिथलेही २०० काढले. ब्रिज चेनचा क्रमांक तपासत होता. पण तपासायचा क्रमांक तो स्वतःच्या साठवणीतून वाचत होता, आणि चेन दुभंगताना त्या साठवणीचीही जशीच्या तशी नक्कल झाली होती. वहीत लिहिलेलं ‘१’ नकलेतही ‘१’च राहिलं. मी आत्ता कुठल्या चेनवर आहे, हे त्या क्षणी चेनलाच विचारण्याची सोय इथेरियममध्ये डिसेंबर २०१९ पासून उपलब्ध होती. ब्रिजने ती वापरली नव्हती.

पण रिप्लेचं मला सगळ्यात बोलकं वाटणारं उदाहरण पॉलिगॉनचंच आहे. ते चोरीचं नाही, वेळीच हाती लागलेल्या चुकीचं आहे.

पॉलिगॉनच्या प्लाझ्मा ब्रिजमधून पैसे परत नेण्याची रीत अशी: पॉलिगॉनवर टोकन जाळायची, त्या जाळण्याची पावती घ्यायची, आणि ती पावती पॉलिगॉनच्या नोंदींच्या झाडात नेमकी कुठे आहे याचा पुरावा इथेरियमवरच्या काँट्रॅक्टला द्यायचा. सात दिवस हरकतींसाठी थांबायचं आणि पैसे घ्यायचे. पुराव्यात झाडातला रस्ता लिहिलेला असतो: मुळापासून कुठल्या फांद्या घेत पावतीपर्यंत पोचायचं. प्रत्येक परतीला एक ओळख क्रमांक मिळायचा आणि तो काढताना हा रस्ताही हिशेबात धरला जायचा. एकच पावती, एकच रस्ता, एकच क्रमांक. त्यामुळे दुसऱ्यांदा मागणी आली तर ‘हा क्रमांक झाला’ म्हणून परत पाठवता येईल, अशी अपेक्षा.

ऑक्टोबर २०२१ मध्ये गेरहार्ड वॅग्नर या सुरक्षा संशोधकाने रस्ता वाचणारा कोड ओळीओळीने वाचला. रस्त्याच्या पहिल्या बाइटमध्ये लांबी सम की विषम एवढीच खूण असते. त्या बाइटचा पहिला अर्धा भाग १ किंवा ३ असेल तर कोड लांबी विषम धरायचा. बाकी काहीही असेल तर सम धरायचा आणि तो अख्खा बाइट न बघता टाकून द्यायचा. बाइटच्या २५६ शक्य किमतींपैकी १ आणि ३ ने सुरू होणाऱ्या ३२ वगळल्या, तर उरल्या २२४. या २२४ पैकी कुठलीही लिहा, पुरावा बरोबरच ठरणार, कारण तो बाइट वाचलाच जात नाही. पण ओळख क्रमांक काढताना मात्र रस्ता जसा लिहिला तसा, त्या बाइटसकट, घेतला जात होता. म्हणजे एकदा टोकन जाळा, आणि त्याच पावतीवर एक खरी नि २२३ जादा अशा २२४ परती घ्या. प्रत्येक नवीच दिसणार.

दोन लाख डॉलर जाळले असते तर २२३ पटीने जवळपास साडेचार कोटी डॉलर जादा निघाले असते. ब्रिजमध्ये त्या वेळी सुमारे ८५ कोटी डॉलर होते. ते सगळे उपसायला ३८ लाख डॉलरच्या आसपास भांडवल पुरलं असतं. वॅग्नरने ते न करता इम्युनेफाय या मंचामार्फत पॉलिगॉनला कळवलं आणि २० लाख डॉलरचं बक्षीस घेतलं. चूक हाती लागल्यावर दुरुस्ती फार मोठी नव्हती: पहिला बाइट नियमाप्रमाणे नसेल तर पुरावा नाकारायचा.

या चुकीच्या मुळाशी एक तत्त्व आहे. एकाच गोष्टीचं लिखाण दोन प्रकारे करता येत असेल आणि तपासणारा दोन्ही मान्य करत असेल, तर ‘हे आधी वापरलं का?’ या प्रश्नाला अर्थ उरत नाही. खुद्द सहीच्या बाबतीतही हे खरं आहे.

इथेरियमवरची सही म्हणजे आर आणि एस असे दोन प्रचंड आकडे. या पद्धतीचा एक जन्मजात गुण असा, की एस ऐवजी, ज्या गणिती वक्रावर ही पद्धत उभी आहे त्याच्या ठरलेल्या संख्येतून एस वजा करून आलेला आकडा ठेवला तरी सही बरोबरच ठरते. म्हणजे तुमची एक खरी सही मिळाली की तुमच्या किल्लीला हातही न लावता कुणीही दुसरी खरी सही बनवू शकतो, त्याच मजकुराची. मजकूर बदलता येत नाही, म्हणून वरवर हे निरुपद्रवी वाटतं. पण एखाद्या ब्रिजने ‘वापरलेल्या सह्यां’ची यादी ठेवली असेल तर ही दुसरी सही त्या यादीत सापडणार नाही आणि निरोप पुन्हा चालेल. मार्च २०१६ मध्ये इथेरियमने व्यवहारांपुरता मोठा एस नाकारायला सुरुवात केली. काँट्रॅक्टना सही तपासायला दिलेली अंगभूत सोय मात्र आजही दोन्ही स्वीकारते. तेव्हा यादी ठेवायची ती निरोपाच्या हॅशची, म्हणजे मजकुरातून काढलेल्या ठशाची, सहीची नव्हे. ओपनझेपेलिनची तयार लायब्ररी वापरणारे या बाबतीत निर्धास्त असत, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तिच्यातच फट सापडली: ६५ बाइटची सही ६४ बाइटच्या आटोपशीर रूपातही ती मान्य करत होती. ४.७.३ या आवृत्तीत ती बुजवली.

सहीच्या या लवचीकपणाचं नाव सर्वसामान्यांनी पहिल्यांदा ऐकलं ते फेब्रुवारी २०१४ मध्ये, जेव्हा टोकियोच्या माउंट गॉक्स एक्सचेंजने बिटकॉइन काढण्याची सोय बंद करताना सगळं खापर त्याच्यावर फोडलं. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या डेकर आणि वाटेनहोफर यांनी नेटवर्कवर आधीपासून गोळा केलेल्या नोंदी तपासल्या आणि निष्कर्ष काढला, की तोवर झालेल्या अशा हल्ल्यांतून गॉक्सच्या तोट्याचा एक किरकोळ अंशही भरत नाही. दोष खरा होता. सबब खोटी होती.

सहीच्या तपासणीतलीच चूक दाखवणारी पॉलिगॉनची दुसरी घटना वॅग्नरच्या शोधानंतर दोनच महिन्यांनी घडली. सही आणि मजकूर दिला की सही करणाऱ्याचा पत्ता काढून देणारी जी अंगभूत सोय आहे, ती सही निरर्थक असेल तर ओरडत नाही. शून्य पत्ता परत देते. तपासणाऱ्याने ‘उत्तर शून्य तर नाही ना?’ हे स्वतः बघायचं असतं. पॉलिगॉनच्या मॅटिक या मूळ टोकनच्या काँट्रॅक्टमध्ये दुसऱ्याच्या सहीने टोकन हलवण्याची एक सोय होती. तिथे हे बघितलं नव्हतं, आणि देणाऱ्याच्या खात्यात तेवढी शिल्लक आहे का हेही नाही. वेड्यावाकड्या लांबीची सही दिली की देणारा ठरायचा शून्य पत्ता, आणि टोकन निघायचे काँट्रॅक्टच्या स्वतःच्या साठ्यातून. तिथे तेव्हा ९२७ कोटींहून अधिक मॅटिक होते. इथेरियमवरून लोक टोकन आणतील तसे इकडे सोडण्यासाठी हा साठा तिथे ठेवलेला होता. लिऑन स्पेसवॉकर या टोपणनावाच्या संशोधकाने ३ डिसेंबर २०२१ रोजी कळवलं, ५ तारखेला पॉलिगॉनने गाजावाजा न करता चेनच बदलून घेतली. मधल्या वेळात कुणीतरी ८,०१,६०१ मॅटिक नेलेच. खोटी सही पकडायला बसवलेल्या यंत्रणेने ‘सही कुणाचीच नाही’ असं उत्तर दिलं आणि पुढच्या ओळीने ‘कुणाचीच नाही’ याला एक खातेदार मानलं. चोरी छोटी राहिली, हे केवळ नशीब.

सहीच्या आतही एक सापळा आहे. प्रत्येक सही करताना एक गुप्त, एकदाच वापरायचा आकडा निवडावा लागतो. तोच आकडा दोन वेगवेगळ्या सह्यांत वापरला गेला, तर दोन्ही सह्यांतला आर सारखा येतो आणि बघणाऱ्याला शंका येते. दोन मजकुरांच्या हॅशमधला फरक भागिले दोन एसमधला फरक, एवढ्यावर गुप्त आकडा निघतो. तो निघाला की आणखी एका ओळीच्या बीजगणितात खासगी किल्ली. डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये फेलओव्हरफ्लो या गटाने सोनीच्या प्लेस्टेशन ३ ची सही याच चुकीमुळे उघडी पाडली होती. दहा वर्षांनी, १० जुलै २०२१ रोजी, एनीस्वॅप या ब्रिजच्या खात्याच्या बीएससी चेनवरच्या दोन सह्यांत सारखाच आर दिसला आणि सुमारे ७९ लाख डॉलर गेले. किल्ली अनेक संगणकांत वाटून ठेवली होती, कुठल्याही एकाकडे ती पूर्ण नव्हती. तरी ती उघड्यावरच्या दोन आकड्यांतून पूर्ण बाहेर आली.

मोठ्या बातम्या झालेल्या ब्रिजचोऱ्यांपैकी काहींत रिप्लेही नव्हता, सहीची तपासणीच चुकवली गेली होती. २ फेब्रुवारी २०२२ रोजी वर्महोलच्या सोलानावरच्या काँट्रॅक्टला हल्लेखोराने ‘सह्या तपासून झाल्या’ असं सांगणारं सिस्टीम खातं म्हणून स्वतःचं बनावट खातं दिलं. ते खरंच सिस्टीमचं आहे का हे काँट्रॅक्टने विचारलं नाही, आणि लागणाऱ्या १३ सह्यांपैकी एकही खरी नसताना १,२०,००० ईथरची टोकन छापली गेली. त्याच वर्षी १ ऑगस्टला नोमॅड ब्रिजमध्ये प्रकार याहून वाईट झाला. तिथे कोड अद्ययावत करताना निरोपांच्या झाडाचं ‘विश्वासू मूळ’ म्हणून शून्य नोंदलं गेलं होतं, आणि ज्या निरोपाचा पुरावा कधी दिलाच नाही त्याचं मूळही आपोआप शून्यच असतं. परिणामी कुठलाही कोरा निरोप सिद्ध ठरू लागला. एकाने पैसे काढले. मग बघणाऱ्यांनी त्याचा व्यवहार जसाच्या तसा उचलून फक्त पत्ता बदलला. शेकडो खात्यांनी मिळून सुमारे १९ कोटी डॉलर लुटले, आणि त्यातल्या अनेकांना प्रोग्रॅमिंग येण्याची गरजही पडली नाही.

आणि रॉनिन ब्रिज. २३ मार्च २०२२ रोजी १,७३,६०० ईथर आणि अडीच कोटींवर यूएसडीसी, म्हणजे डॉलरशी बांधलेली टोकन, गेली. नऊपैकी पाच सह्या लागत होत्या आणि पाचही किल्ल्यांचा ताबा हल्लेखोरांनी मिळवला होता. एक किल्ली तर अशा परवानगीतून मिळाली जी काही महिने आधीच काढून घ्यायला हवी होती. चोरी सहा दिवसांनी लक्षात आली, एका वापरकर्त्याला पैसे काढता येईनात म्हणून. तिथे गणितही नीट होतं, रकानेही नीट होते.

उपाय काय झाले? गेल्या काही वर्षांत सुधारणा क्रमांक ७१२ प्रमाणे सही करायच्या मजकुरात अ‍ॅपचं नाव, आवृत्ती, चेनचा क्रमांक आणि काँट्रॅक्टचा पत्ता बांधून टाकण्याची पद्धत रुळली आहे. वॉलेटमध्ये त्यामुळे सोळाआकडी पद्धतीतल्या अगम्य आकड्यांऐवजी वाचता येईल असा मजकूर दिसतो. पण दिसतो तोच मजकूर सहीखाली जातो का, हा प्रश्न उरतोच. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजच्या मल्टिसिग तिजोरीतून सुमारे २३ कोटी डॉलर गेले तेव्हा कंपनीने हेच सांगितलं: पडद्यावर दिसलं एक, सही झाली दुसऱ्यावर. चार मंजुऱ्या होत्या. सह्या चारही खऱ्या होत्या.

७ मे २०२५ रोजी इथेरियमवर पेक्ट्रा ही सुधारणा लागू झाली. तिच्यातल्या ७७०२ क्रमांकाच्या भागाने साध्या खात्याला एखाद्या काँट्रॅक्टचा कोड चालवण्याची मुभा एका सहीने देता येते. त्या मजकुरात चेनच्या क्रमांकाचा रकाना आहे, आणि तिथे शून्य लिहिण्याची परवानगी आहे. शून्य म्हणजे सगळ्या चेन. नॉन्स जुळावा लागतो, पण नवं खातं असेल तर तो सगळीकडे शून्यच असतो. अनेक चेनवर एकाच सहीत काम व्हावं म्हणून ही सोय मुद्दाम दिलेली आहे, आणि जाणकारांना ती उपयोगाचीही आहे. पण हे प्रकरण वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या वॉलेटने अशी परवानगी मागितली आणि चेनच्या रकान्यात शून्य दिसलं, तर सही करू नका.